हस्किसन स्ट्रीटवरची पाखरं

लिव्हरपूलच्या बंदरासमोर १९११ साली बांधलेली रॉयल लायव्हर बिल्डिंग उभी आहे. तिच्या दोन मनोऱ्यांवर तांब्याचे दोन अवाढव्य पक्षी बसवलेले आहेत. हे शहराचं बोधचिन्ह. त्यांना म्हणतात 'लायव्हर बर्ड्‌स'. यकृताशी काही संबंध नाही. दोघांनी एकमेकांकडे पाठ केलेली आहे. गावातले लोक गमतीने सांगतात, की मादी समुद्राकडे बघत असते, खलाशी सुखरूप परत येतायत का ते. आणि नर शहराकडे बघत असतो, दारूचे गुत्ते उघडलेत का ते. साठच्या दशकात इंग्लंडातली पोरं तरुण मुलीला 'बर्ड' म्हणत. आपल्याकडे कट्ट्यावरची पोरं 'पाखरू' म्हणतात, अगदी तसंच. तेवढंच कौतुक, तेवढाच चावटपणा.

बीबीसीने १९६९मध्ये या दोन अर्थांची सांगड घालून एका विनोदी मालिकेला नाव दिलं 'द लायव्हर बर्ड्‌स'. भाड्याच्या एका जागेत राहणाऱ्या, एकमेकींशी अजिबात न जुळणाऱ्या दोन तरुण मुली, एवढाच मामला. मालिका अधूनमधून थांबत १९७९पर्यंत चालली आणि १९९६मध्ये एका पर्वापुरती परत आली. लेखिका होत्या लिव्हरपूलच्याच दोन गृहिणी, कार्ला लेन आणि मायरा टेलर. पुढे टेलर बाजूला झाल्या आणि मालिका लेनबाईंच्या एकटीच्या हातात आली.

ब्रिटिश सिटकॉम म्हटलं की मराठी प्रेक्षकाच्या तोंडी 'यस मिनिस्टर', 'माइंड युवर लँग्वेज', 'फॉल्टी टॉवर्स' अशी नावं येतात. 'द लायव्हर बर्ड्‌स' त्या यादीत सहसा नसते. खुद्द ब्रिटनमध्येही तिची आठवण काढली जाते ती सत्तरच्या दशकातल्या कपड्यांसाठी आणि 'द स्कॅफोल्ड' या लिव्हरपूलच्याच मंडळींनी गायलेल्या शीर्षकगीतासाठी. (त्यातला माइक मॅकगिअर हा पॉल मॅकार्टनीचा सख्खा भाऊ.) मी ही मालिका पुन्हा पाहायला घेतली ती तशाच, वेळ घालवण्याच्या अपेक्षेने. मात्र बघता बघता लक्ष विनोदांवरून उडून दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. या मालिकेत कोण राहतं, कोण जातं आणि जाताना कुठल्या दाराने जातं, याचा हिशोब मांडला तर हाती काहीतरी वेगळंच लागतं.

मालिकेचा जन्म झाला तो बीबीसीच्या 'कॉमेडी प्लेहाउस'मध्ये. नव्या विनोदी कल्पनांचा एकेक सुटा भाग दाखवून बघायचा आणि लोकांना रुचला तर मालिका काढायची, अशी ही व्यवस्था. याच व्यवस्थेतून १९६२मध्ये 'स्टेप्टो अँड सन' ही रे गॅल्टन आणि ॲलन सिम्प्सन यांची मालिका निघाली होती. भंगारवाले बाप-लेक, लेकाला हे सगळं सोडून जायचंय, आणि तो कधीच जाऊ शकत नाही. ब्रिटिश सिटकॉमचा साचा तिथे पक्का झाला. माणसं कुठेतरी अडकलेली असतात. कुणी बापाच्या अंगणात, कुणी स्वतःच्याच हॉटेलात, आणि 'पोरिज'मध्ये तर सरळ तुरुंगात. प्रत्येक भागात धडपड करायची आणि अर्ध्या तासाने होतं तिथेच येऊन थांबायचं. या मालिका वर्षानुवर्षं चालू शकतात, कारण कुणाचीच सुटका होत नाही.

'द लायव्हर बर्ड्‌स' वरवर याच साच्यातली आहे. जोडी विजोड, जागा लहान, पैसे कमी. पण या मुली अडकलेल्या नाहीत. उलट त्या इथे फार काळ राहणारच नाहीत, हे त्यांना, त्यांच्या आयांना, लेखिकांना आणि प्रेक्षकांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माहेर सुटलंय, सासर यायचंय, मधल्या वेळात ही खोली. पुरुषांच्या सिटकॉममध्ये घर हा पिंजरा असतो. इथे घर म्हणजे स्टेशनावरची वेटिंग रूम आहे. आणि वेटिंग रूममध्ये कितीही गप्पा रंगल्या तरी कान गाडीच्या घोषणेकडेच असतात.

खोलीचा पत्ता लिव्हरपूलमधल्या हस्किसन स्ट्रीटचा. विल्यम हस्किसन हा लिव्हरपूलचा खासदार. १८३०मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या उद्घाटनाच्याच दिवशी गाडीखाली सापडून तो मेला. रस्त्यावरची घरं बंदराच्या वैभवाच्या काळातली, उंच छतांची आणि मोठ्या दारांची. वैभव ओसरल्यावर अशा घरांच्या खोल्या-खोल्या करून भाड्याने दिल्या जाऊ लागल्या. अशा खोलीला 'बेडसिट' म्हणतात. झोपायचं तिथेच, बसायचं तिथेच, कोपऱ्यात शेगडी. न्हाणीघर बहुधा इतर भाडेकरूंबरोबर सामायिक, आणि गॅससाठी नाणी टाकायचा मीटर. नाणी संपली की ऊबही संपली. एकेकाळच्या श्रीमंत घराच्या तुकड्यात दोन पगारदार मुली राहतायत, हे नेपथ्यच बरंच काही सांगून जातं.

पहिल्या पर्वात बेरिल हेनेसीबरोबर राहत होती डॉन. ती भूमिका केली होती पॉलीन कॉलिन्सने. ती लवकरच गेली आणि १९७१पासून तिच्या जागी आली सँड्रा हचिन्सन, म्हणजे नेरिस ह्यूज. खरी मालिका इथे सुरू होते. बेरिल (पॉली जेम्स) कामगार वस्तीतली. छोटीशी, चटपटीत, तोंडाची फटकळ, मनात येईल ते बोलून मोकळी होणारी. सँड्रा जरा बऱ्या घरातली. बोलणं मृदू, वागणं नीटनेटकं, आणि आपलं बोट धरून बेरिललाही चार चांगल्या सवयी लागतील असा तिचा भाबडा विश्वास. एकीला वाटतं दुसरी गावंढळ आहे, दुसरीला वाटतं पहिली शिष्ट आहे. दोघींनाही ते पुरतं बोलून दाखवता येत नाही, कारण महिनाअखेरीला भाडं अर्धं-अर्धं भरायचंय.

इंग्लंडमध्ये वर्ग हा उच्चारात असतो. तोंड उघडलं की माणूस कुठल्या मोहल्ल्यातला ते कळतं. आपल्याकडे जातीचा आणि गावाचा वास जसा बोलीतून येतो, तसाच. बेरिलची बोली ठसठशीत लिव्हरपूलची, जिला 'स्काउस' म्हणतात. सँड्राची बोली त्याच शहराची, पण घासूनपुसून घेतलेली. यातली मजेची गोष्ट अशी, की यातली एकही अभिनेत्री लिव्हरपूलची नव्हती. पॉली जेम्स लँकेशरमधल्या ब्लॅकबर्नची, नेरिस ह्यूज वेल्समधल्या ऱ्हिलची. लिव्हरपूलचा उच्चार दोघींनाही कमवावा लागला. सँड्राच्या बाबतीत हे विशेष शोभून दिसतं. ज्या मुलीने स्वतःचा उच्चार जाणीवपूर्वक घडवलाय, तिची भूमिका दुसऱ्याच मुलखातल्या मुलीने करावी, हे ठीकच झालं.

सँड्राच्या आईला भेटल्यावर हे घासणंपुसणं कुठून आलं ते कळतं. मिसेस हचिन्सन झाल्या होत्या मॉली सग्डन. 'आर यू बीइंग सर्व्ह्‌ड?'मधली रंगीबेरंगी केसांची मिसेस स्लोकोम पाहिलेल्यांना या बाई लगेच ओळखू येतील. मिसेस हचिन्सन म्हणजे प्रतिष्ठेसाठी श्वास घेणारी बाई. मुलीची खोली, मुलीची मैत्रीण, तिथला चहा, तिथला जिना, सगळंच त्यांच्या नाकाला झोंबतं. सग्डनबाई हे इतक्या धारदारपणे करतात, की त्या आल्या की भाग त्यांच्याच खिशात जातो. मिस्टर हचिन्सनच्या भूमिकेत पुढे विल्यम मूर आले, ते सग्डनबाईंचे खरोखरचे नवरे. पडद्यावरचा त्यांचा संसार मात्र कमालीचा थंड आहे.

इथे मालिकेने एक शहाणपणा केलाय. दोघी मुली लग्नाच्या गोष्टी करतात, पोरांच्या मागे लागतात, भेटीगाठींसाठी एकमेकींचे कपडे घालतात. आणि मध्येच दार वाजतं आणि एखादीची आई आत येते. म्हणजे ज्या गाडीची वाट बघताय ती शेवटी कुठे पोचते, हे दर काही भागांनी त्यांच्यासमोर येऊन बसतं. हे कुणी शब्दांत सांगत नाही. पण सँड्राचा चेहरा बघावा. आई बोलत असते तेव्हा नेरिस ह्यूज एक हसू चेहऱ्यावर ठेवते. त्यात आईची लाज आहे, माया आहे, आणि आपण उद्या अशाच होऊ की काय, ही शंकाही आहे.

या मुलींचं स्वातंत्र्य केवढं होतं, हे मोजायला काळाचा संदर्भ लागतो. ब्रिटनमध्ये समान वेतनाचा कायदा १९७०मध्ये झाला आणि अंमलात आला १९७५च्या शेवटी. त्याच वर्षी लिंगभेदाविरुद्धचा कायदा आला. तोवर एकट्या बाईला घरासाठी कर्ज हवं असेल तर बाप किंवा नवरा हमीदार म्हणून मागितला जाण्याची शक्यता दाट असे. म्हणजे बेरिल आणि सँड्रा जेव्हा त्या खोलीत राहत होत्या, तेव्हा त्यांना भाड्याने राहणं शक्य होतं, पण स्वतःच्या नावावर घर करणं जवळजवळ अशक्य. त्यांची खोली तात्पुरती होती ती केवळ त्यांच्या मनात नव्हे. अख्खी व्यवस्थाच तशी रचलेली होती. पुरुषाच्या सहीशिवाय मिळणारं घर म्हणजे हस्किसन स्ट्रीटवरची ती बेडसिट.

आज पाहताना खटकणाऱ्या जागा आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. वजनावरचे विनोद कंटाळवाणे आहेत. 'पुरुष मिळाला की गंगेत घोडं न्हालं' हा सूर अनेक भागांत इतका ठळक आहे, की दोन तरुण मुलींना याशिवाय दुसरा विषय नव्हता का, असं वाटतं. त्यांच्या नोकऱ्या नावापुरत्याच येतात. स्टुडिओतल्या प्रेक्षकांचं हसू कित्येकदा विनोदाच्या आधीच पोचतं. पण याच चौकटीत अधूनमधून रिकाम्या, शांत जागा येतात. संध्याकाळची भेट फसलेली असते, दोघी घरी परतलेल्या असतात, आणि नुसतं बोलणं सुरू होतं. त्या बोलण्याला गोष्ट पुढे नेण्याची घाई नसते. तिथे त्यांना पुरुषाची गरज आहे असं काही वाटत नाही. कार्ला लेनचा कान इथे कळतो. तिचा विनोद चुटक्यांचा नाही. माणसं आपलं दुःख लपवायला जे आडवळणाने बोलतात, त्यातला आहे.

आता हिशोबाकडे येऊ. पॉली जेम्सने मालिका सोडली, तेव्हा १९७४च्या पर्वात बेरिलचं लग्न लावून देण्यात आलं. नवरा रॉबर्ट. ही भूमिका करणारा तरुण नट जोनाथन लिन, जो पुढे अँटनी जे यांच्याबरोबर 'यस मिनिस्टर' लिहिणार होता. ज्याची हिंदी आवृत्ती 'जी मंत्रीजी' आपण पाहिली. बेरिल लग्न करून गेली ती मालिकेतूनच गेली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत असेल, सँड्राकडे चहाला येत असेल, असं काही नाही. अभिनेत्री गेली म्हणजे पात्र जाणारच, हे खरं. पण लग्न झालं म्हणजे मैत्रीण गेली, याचं स्पष्टीकरण कुणाला द्यावंसं वाटलं नाही आणि कुणी मागितलंही नाही. स्वाभाविकच होतं ते.

नेमकं याच सुमारास बीबीसीवर दुसरी एक जोडी काय करत होती ते बघा. डिक क्लेमेंट आणि इयन ला फ्रेने यांची 'द लाइकली लॅड्‌स' ही १९६४ ते १९६६मधली मालिका बॉब आणि टेरी या न्यूकॅसलकडच्या दोन कामगार पोरांची. 'द लायव्हर बर्ड्‌स' म्हणजे तिचीच मुलींची आवृत्ती, असं अनेकदा म्हटलं गेलंय. १९७३-७४मध्ये ती जोडी 'व्हॉटेव्हर हॅपन्ड टू द लाइकली लॅड्‌स?' या नावाने परत आली. बॉब थेल्माशी लग्न करतो, उपनगरात घर घेतो, वरच्या वर्गाची स्वप्नं बघू लागतो. आणि टेरी त्याच्या आयुष्यात ठाण मांडून राहतो. त्या मालिकेचं सगळं नाट्यच यावर उभं आहे, की लग्न झालं तरी मैत्री सुटत नाही. थेल्माला ती मैत्री सोसत नाही, बॉबला सोडवत नाही.

दोन पोरांच्या मैत्रीला लग्नानंतरचं आयुष्य मिळालं. एवढंच नव्हे, तर तिथेच ती मैत्री खरी रंगली, आणि ब्रिटिश सिटकॉममधल्या उत्तम लेखनात तिची गणना झाली. दोन पोरींच्या मैत्रीला लग्नाच्या दिवशी पूर्णविराम. हा फरक कुणी दुष्टपणाने केला असं मी म्हणत नाही. पण लग्न झालेला बॉब मित्राबरोबर गुत्त्यावर जाऊन बसतो हे चित्र लेखकांना सहज सुचतं. लग्न झालेली बेरिल संध्याकाळी मैत्रिणीच्या खोलीवर जाऊन पाय पसरून बसलीय, हे चित्र त्या काळात सुचलं नाही. बाईने त्या वेळी कुठे असायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सँड्रा मागे राहिली. १९७५मध्ये तिच्या घरात कॅरल बॉसवेल आली. एलिझाबेथ एस्टेन्सेनची कॅरल म्हणजे लाल केस, भडक कपडे, मोठा आवाज. बेरिलपेक्षाही मोकळी आणि सँड्रापासून आणखी लांब. बरेच जुने चाहते बेरिलचीच वर्षं खरी मानतात. मला मात्र कॅरलच्या आगमनामुळे सँड्रा पहिल्यांदा नीट दिसली. बेरिलबरोबर असताना ती जोडीतली शहाणी, सरळ, म्हणून जरा कमी गमतीची बाजू होती. मैत्रीण गेल्यावर परत नव्या माणसाबरोबर पहिल्यापासून सुरुवात करायची, चहा किती कडक लागतो ते शिकायचं, आंघोळीच्या वेळा ठरवायच्या, आपल्या जुन्या सवयी कुणा नवीच्या नजरेने बघायच्या, हे सगळं तिच्या वाट्याला येतं. १९७१पासून १९७९पर्यंत ते घर धरून राहणारं माणूस एकच, सँड्रा. शीर्षकात पाखरं दोन असली तरी गोष्ट एकीची आहे, असं मला वाटू लागलं ते इथे.

कॅरलबरोबर तिचा भाऊ ल्युशियनही आला. मायकेल अँजेलिसने रंगवलेला हा खिन्न माणूस ससे पाळतो आणि सशांविषयीच बोलतो. तो आला की हशा ठरलेला. पण तेव्हाचं लिव्हरपूल डोळ्यांसमोर ठेवलं तर या खिन्नतेला पार्श्वभूमी सापडते. मालवाहतूक कंटेनरने होऊ लागली, जुन्या गोद्या निकामी झाल्या, दक्षिणेकडच्या गोद्या १९७२मध्ये बंद पडल्या. शहरातून लोक निघून जात होते. या मालिकेने त्याबद्दल फारसं काही म्हटलं नाही. बेकारीचा शब्द तिच्या विनोदात बसत नव्हता. १९८२मध्ये ॲलन ब्लीसडेलची 'बॉइज फ्रॉम द ब्लॅकस्टफ' आली. बेकार लिव्हरपूलकरांची ती मालिका अंगावर येते. त्यात हाच अँजेलिस क्रिसी नावाचा बेकार झालेला, घरी पक्षी पाळणारा माणूस आहे. एका क्षणी हताशेने तो आपले पाळलेले पक्षी मारून टाकतो. ल्युशियनवर मनसोक्त हसलेल्या प्रेक्षकांनी तो प्रसंग कसा पाहिला असेल! ते बघून पुन्हा जुन्या भागांकडे आलं, की सशांबद्दल बोलत राहणारा तो माणूस निव्वळ विदूषक वाटत नाही.

मालिका संपेतो सँड्राचंही लग्न झालेलं असतं, डेरेक या प्राण्यांच्या डॉक्टरशी. म्हणजे तीही गेली. आणि इथे कार्ला लेनच्या स्वतःच्या आयुष्याकडे बघावं लागतं. तिचं खरं नाव रोमाना बॅरक, जन्म १९२८चा. विशी गाठण्याआधीच तिचं लग्न झालं, दोन मुलगे झाले. हस्किसन स्ट्रीटवरच्या मोकळ्या पोरी कागदावर उतरवल्या तेव्हा ती चाळिशीत होती. माहेर आणि सासर यांच्या मधली ती खोली तिच्या वाट्याला आलेलीच नव्हती. आपल्याला न मिळालेली चार-पाच वर्षं तिने दोन मुलींना देऊ केली, आणि ती शक्य तितकी ताणून दहा केली. ही मालिका एवढी जिवंत का आहे, याचं मला पटणारं उत्तर हेच आहे. जे आपल्याकडे होतं त्याच्या आठवणीपेक्षा, जे नव्हतं त्याची ओढ माणसाकडून अधिक बारकाईने लिहून घेते.

वेटिंग रूममधून सुटलेली गाडी कुठे पोचते, तेही मग तिनेच लिहिलं. १९७८च्या अखेरीस 'द लायव्हर बर्ड्‌स'चं शेवटचं पर्व आणि तिची नवी मालिका 'बटरफ्लाइज' दोन्ही बीबीसीवर होत्या. 'बटरफ्लाइज'मधली रिया (वेंडी क्रेग) दंतवैद्याची बायको आहे. घर मोठं, मुलं दोन, नवरा भला माणूस, छंद म्हणून फुलपाखरं जमवतो. रियाला स्वयंपाक येत नाही आणि आयुष्याचं काय करावं ते कळत नाही. एका परक्या पुरुषात ती गुंतते, पण पाऊल पुढे टाकत नाही. पाखरांपासून फुलपाखरांपर्यंतचा हा प्रवास एकाच लेखिकेचा. एकीकडे सँड्रा संसारात पोचते, आणि त्याच महिन्यांत दुसऱ्या वाहिनीवर रिया संसारात गुदमरत असते. दोन्ही मालिका सलग पाहिल्या तर पहिलीचा गोड शेवट गोड राहत नाही. योगायोग असा, की पहिल्या पर्वातली डॉन, म्हणजे पॉलीन कॉलिन्स, पुढे 'शर्ली व्हॅलेंटाइन' म्हणून जगभर गाजली. विली रसेलच्या त्या नाटकातली आणि १९८९च्या चित्रपटातली शर्ली ही लिव्हरपूलची गृहिणी. ती स्वयंपाकघराच्या भिंतीशी बोलते. एकेकाळी बोलायला खोलीत मैत्रीण होती. आता भिंत आहे.

म्हणून १९९६चं पर्व मला सगळ्यांत जास्त महत्त्वाचं वाटतं आणि सगळ्यांत जास्त निराशही करतं. कल्पना मोठी होती. पन्नाशी ओलांडलेल्या पॉली जेम्स आणि नेरिस ह्यूज परत येतात. बेरिल आणि सँड्रा दोघींचेही संसार मोडलेत, आणि दोघी पुन्हा एकत्र राहू लागतात. आता कुठलीच गाडी यायची नाही. वेटिंग रूम हेच घर. बायकांनी एकत्र राहणं ही लग्नाआधीची तडजोड न राहता स्वतःहून पत्करलेली रीत होऊ शकते का, हा प्रश्न मालिकेच्या हातात आयता आला होता. अमेरिकेत 'द गोल्डन गर्ल्स'ने १९८५पासून सात वर्षं त्याचं खणखणीत 'हो' असं उत्तर दिलं होतं. तिथे उतारवयातल्या चार बायका एका घरात राहतात आणि ते घर कुणाच्याही पराभवाचं स्मारक वाटत नाही. 'द लायव्हर बर्ड्‌स'ने मात्र एकत्र येण्याकडे शेवटपर्यंत बुडालेल्या जहाजातून काठाला लागल्यासारखं पाहिलं. मैत्रिणीकडे परतायचं ते दुसरीकडचं सगळं संपल्यावर. एका पर्वात मालिका आटोपली.

त्या पर्वात आणखी एक गोष्ट झाली. ल्युशियन परत आला, पण बेरिलचा भाऊ म्हणून! कॅरलचा भाऊ कॅरलशिवाय हवा होता, तेव्हा त्याचं नातं सरळ दुसऱ्या बहिणीशी जोडून टाकलं. सिटकॉममध्ये असल्या सोयी केल्या जातात, त्याचा फार बाऊ करू नये. तरीही त्यामुळे जे घडलं ते बोलकं आहे. १९७५पासून मालिका संपेपर्यंत सँड्राच्या घरात राहिलेली बाई, तिच्या भावासकट तिच्यापासून काढून घेतली गेली. जणू ती वर्षं कुणी जगलंच नव्हतं. कॅरलच्या जागी सँड्राचा नवरा असता तर असं करता आलं असतं का? नवरा गेला तरी त्याची नोंद राहते. तो माजी नवरा होतो, दिवंगत नवरा होतो. खोलीतली मैत्रीण गेली तर तिला काय म्हणायचं, यासाठी शब्दच नाही. इंग्रजीतही नाही आणि मराठीतही नाही.

बीबीसीने त्या काळी जागा आणि पैसा वाचवायला कितीतरी टेपा पुसून पुन्हा वापरल्या. 'द लायव्हर बर्ड्‌स'चे सुरुवातीचे काही भाग त्यात गेले; बेरिल आणि डॉनचा सहवास आज पुरता पाहायला मिळत नाही. जे उरलंय ते मिळेल तिथून पाहावं. बेरिल आणि सँड्राची वर्षं आधी बघावीत, आणि बेरिल गेली म्हणून तिथे थांबू नये. बेरिलच्या लग्नानंतरचे भाग लोक टाळतात, पण मालिकेतली माझी आवडती गोष्ट तिथेच आहे. एक मुलगी रिकाम्या झालेल्या खाटेकडे बघते, भाड्याचा हिशोब करते, आणि नव्या, आपल्याशी काडीचंही साम्य नसलेल्या मुलीसाठी दार उघडते.